कोपरभर खालची माती

४ फेब्रुवारी

मोजपट्टीबाई,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर करण्यात मी तुझ्यावर वरताण केली म्हणून स्वतःवर खूश होते, पण काल शाळेत असं काही झालं की लिहायला बसावंच लागलं.

शिक्षण खात्याचे साहेब आमचं स्मरणवन बघायला आले होते. तू ते पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. युद्धातून परत न आलेल्या एकवीस माजी विद्यार्थ्यांच्या नावानं शाळेमागच्या मोकळ्या जागेत एकवीस झाडं आहेत. प्रत्येक झाडाला जाळी, जाळीला नावाची पाटी. रोज एका वर्गाची पाणी घालायची पाळी असते, आणि सुट्टीच्या दिवशी ज्याचं झाड त्याच्या घरची माणसं येतात. साहेब म्हणाले, "तीन वर्षांत एकही झाड गेलं नाही? बाई, तुम्ही यांना दूध पाजता की काय?" सगळे हसले.

तुझ्या दादाचं, माझ्या लेकाचं, झाड माझ्या खांद्याला लागलंय. लष्करानं मला एक कागद दिला, त्यापलीकडे काही नाही. म्हणून शाळा सुटली की मी त्याच्याजवळ जरा टेकते आणि मग घरी जाते. तो बरा आहे.

आता आमच्या हरित मंडळाच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. झाडांच्या ओळींमध्ये भाजीचे वाफे करायचे आणि ती भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात वाढायची. माझ्या पहिलीच्या वर्गात एक भिंगरी आहे, एका जागी उभी राहील तर शपथ. ती आत्तापासूनच खुरपं घेऊन फिरते. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमची भाची माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ना? तिचे दोन शब्द आणा, म्हणजे पालक शंका काढणार नाहीत."

तर दोन शब्द पाठव. तुझा स्वभाव बघता एकच पाठवलास तरी चालेल.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

माती बघितल्याशिवाय मी मातीबद्दल बोलत नाही. एक शब्दही नाही.

आधी हे कळव. युद्धाच्या काळात त्या जागेवर काय होतं? वरची माती मूळची आहे की बाहेरून आणून टाकलेली? आणि खरंच एकही झाड गेलं नाही? चांगल्या जमिनीतसुद्धा पाचातलं एखादं रोप पहिल्या दोन वर्षांत मरतंच. शिवाय ही झाडं एव्हाना तुझ्या डोक्यावरून जायला हवी होती. खांद्याशी का थांबली?

नमुना असा घे. कोपरापर्यंत हात जाईल इतकं खोल खण आणि तळाची मूठभर माती कोरड्या पिशवीत भर. वरची पाठवू नकोस. वरच्या मातीत आपण घातलेलं खत-पाणी असतं. खाली काय आहे ते तिच्यावरून कळत नाही.

तू म्हणतेस तशी सगळी झाडं तीन वर्षं जगली असतील, तर त्यांची मुळं खालच्या थरात पोचली असणार आणि जमिनीत मोठा दोष नसावा. हा नुसता अंदाज आहे, अहवाल नाही. मुख्याध्यापकांना दाखवू नकोस.

आई बरी आहे. तुझ्या गुडघ्यांचं विचारते.

दादाच्या झाडाबद्दल वाचलं.


३ मार्च

मोजपट्टी,

तुझं पत्र म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. जेवणाआधी, जेवणानंतर, हलवून घ्यावे. मुख्याध्यापकांना मी सगळं पत्र दाखवलं नाही, तुझी आज्ञा मोडली नाही. "जमिनीत मोठा दोष नसावा" एवढंच वाक्य वाचून दाखवलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

त्या जागेवर युद्धात सैन्याच्या गाड्या उभ्या राहायच्या. नंतर नगरपालिकेनं लाल मुरूम टाकून सगळं सपाट केलं. झाडं जगली कारण आम्ही त्यांना जपतो. तुझ्या पाचातल्या एकाला आमच्याकडे वाव नाही. कोपरभर खणायला मात्र माझा हात धजला नाही. मुळं दुखावतील. तू इथे असतीस तर तुझाही धजला नसता, असं मला वाटतं. पण तुझं काय सांगावं.

वाफे तयार झालेत. मुळे, पालक, टोमॅटो. मुलं चपला काढून मातीत उतरतात आणि घंटा झाली तरी बाहेर यायचं नाव घेत नाहीत. भिंगरीनं एका वाफ्याला स्वतःचं नाव दिलंय आणि त्यावरून दुसरीतल्या एकाला चावलीही आहे. शिंपिणबाई (तिच्या धाकट्याचं झाड दादाच्या शेजारी आहे, सुट्टीला घरून बादली भरून आणते) म्हणाली, "बरं झालं, पोरांचा गलका असला की त्यांना करमेल." त्यांना म्हणजे झाडांना.

आता तरी "छान" म्हण.

मावशी


१० मार्च

मावशी,

छान म्हणत नाही.

माझ्या पत्रातलं वाक्य "असतील तर" पासून सुरू होत होतं. तू त्याचं शेपूट तेवढं वाचून दाखवलंस. मुख्याध्यापकांना मी आजच वेगळं पत्र टाकलंय की माझ्याकडून कोणताही दाखला दिलेला नाही. तुला राग येईल, हे धरून चालले आहे.

जिथं लष्कराच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं तेल सांडलेलं असतं. कधी कधी त्याहून वाईट काही असतं. माझा अहवाल हातात पडेपर्यंत त्या वाफ्यातलं एक पानही मुलांच्या ताटात जाता कामा नये. मातीत काम केलं की हात साबणानं धुवायला लाव. अनवाणी तर मुळीच नको.

मुळ्याला तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ मला पुरेसा आहे. नमुना या आठवड्यात पाठव. एक वाफ्यातला, एक दादाच्या झाडाच्या बुंध्याशी. एका मुठीनं झाड मरत नाही.


१८ एप्रिल

मोजपट्टी,

उशीर झाला. परीक्षा होत्या, मग पेपर तपासणं, मग माझे गुडघे. मुख्याध्यापकांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "तुमच्या भाचीला सगळीकडे विषच दिसतं. नोकरीच तशी आहे बिचारीची." मीही हसले. खोटं कशाला बोलू.

मुळे निघाले. मुलांनी स्वतः उपटले, स्वतः धुतले, ताटात वाढले. भिंगरी तर थांबलीच नाही. उपटला, झग्याला पुसला आणि कचाकचा खाल्ला. मी ओरडले तर म्हणते, "बाई, माझ्या वाफ्यातला आहे, मला काही करत नाही."

सोबत दादाच्या झाडाखालची माती आहे. तू म्हणालीस तशी खोल खणून काढली. वाफ्यातली वेगळी पाठवली नाही. जमीन एकच आहे.

स्मरणदिन पाच जूनला आहे. या वर्षी तू यावंस असं फार वाटतं. तीन वर्षं झाली, तू एकदाही त्याच्याजवळ उभी राहिली नाहीस. लहानपणी त्याच्या सायकलच्या दांडीवरून उतरायची नाहीस. मी टोचून बोलत नाही, विचारते आहे.

मावशी


२ मे

मावशी,

तू पाठवलेली माती उत्तम आहे. इतकी उत्तम की ती त्या जमिनीतली नाही.

तिच्यात निम्मं पानांचं खत आणि लाकडाचा भुसा आहे. मुरूम नावालाही नाही. त्यातली मुळं दोऱ्याएवढी बारीक आहेत, आणि चाळणीत नखाएवढा काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा निघाला. नर्सरीत ज्या पिशवीत रोप वाढवतात त्या पिशवीचा. प्लॅस्टिक अजून लवचीक आहे. तीन वर्षांपूर्वी गाडलेलं असं राहत नाही. पिशवी घाईत फाडून रोप खड्ड्यात बसवलं की असा तुकडा मागे राहतो.

हे झाड कधी लावलंस?

फोन करणार होते. पण फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस.

खरं उत्तर मला दादासाठी नको आहे. झाडं जगली असं तू लिहिलंस, म्हणून मी जमीन ठीक असावी असं म्हटलं. झाडं मेली असतील तर त्यांना मारणारं काहीतरी खाली आहे, आणि मुलं त्याच मातीत हात घालून बसली आहेत. कुणाचं पोट सतत दुखतंय का? कुणी निस्तेज, चिडचिडं झालंय का? तुला तुझ्या वर्गातली मुलं माझ्या मातीपेक्षा जास्त कळतात.


९ मे

बाळ,

चौथं आहे.

पहिलं वर्षभर छान वाढलं. मग एका उन्हाळ्यात पानांच्या कडा काळ्या पडल्या आणि आठवड्यात ते उभ्या उभ्या वाळलं. मी शाळेच्या शिपायांना बरोबर घेऊन सुट्टीच्या दिवशी नर्सरीत गेले, तेवढ्याच उंचीचं रोप आणलं आणि कुणी यायच्या आत लावून टाकलं. पाटी तीच, जाळी तीच. मला वाटलं, माझ्याकडूनच पाणी कमी पडलं असेल.

मग शिंपिणबाईचं वाळायला लागलं. ती दर सुट्टीला येऊन पानं पुसायची गं. तिला मी काय सांगू? माझा पुन्हा हिरवा झाला आणि तुझा गेला? तिचंही बदललं. मग कोपऱ्यातलं, मग दारापासचं. आता त्या एकवीसमधलं एकही पहिलं नाही. शिपायांना मी शपथ घातली होती, त्यांना बोल लावू नकोस.

गाड्या नुसत्या उभ्या राहायच्या नाहीत. तिथं दुरुस्तीही चालायची. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं पाणी तिथंच ओतायचे, आतल्या धातूच्या पट्ट्या वितळवायचे. मला माहीत होतं, कारण दादा तिथंच गाड्या दुरुस्त करायचा. आघाडीवर जाताना त्याची गाडी तिथूनच सुटली. मी फाटकाशी उभी होते. स्मरणवनासाठी ती जागा मीच सुचवली. त्याचे पाय शेवटचे जिथं टेकले ती ही जमीन. मला ती वाईट कशी दिसणार?

भिंगरीचं पोट तीन आठवडे दुखतंय. परवा वर्गात डोकं टेकून झोपली. मला वाटलं नाटक करते, म्हणून उभं केलं. आणखी दोघं-तिघं आहेत.

स्मरणदिन होऊ दे. घरोघरची माणसं येणार आहेत. तेवढा एक दिवस जाऊ दे, मग तू म्हणशील ते करते. तुझ्या पाया पडते.


११ मे

मावशी,

एक दिवसही नाही.

सकाळपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र इथे आलेल्या शाळेच्या गाडीच्या चालकाच्या हाती पाठवते आहे, आज संध्याकाळी मिळेल. मिळताच फाटकाला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडेही ठेवू नकोस, मुख्याध्यापकांना दे. भिंगरीला आणि दुखणाऱ्या सगळ्या मुलांना उद्या सकाळी सरकारी रुग्णालयात ने, आणि रक्तात शिसं तपासा असं स्पष्ट सांग. नुसतं पोट दुखतंय म्हणू नकोस, ते जंताचं औषध देऊन परत पाठवतील. बॅटरीत शिसं असतं आणि आम्ल असतं. आम्लानं झाडं मेली. शिसं मुलांच्या अंगात गेलंय.

आरोग्य खात्याला मी कळवलंय. त्यांच्या पथकाबरोबर मी तेरा तारखेला येते, माती काढायला.

झाडांचं तू स्वतः सांग. मी आल्यावर मला सांगावं लागू देऊ नकोस.


२२ मे

मोजपट्टी,

तू आठ दिवस घरी होतीस आणि आपण मातीशिवाय कशाबद्दल बोललो नाही. गेलीस तेव्हा घर जास्त रिकामं वाटलं, की आधीपासूनच इतकं होतं, कळत नाही.

तू मैदानावर खड्डे घेत होतीस, म्हणून सभागृहात काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू विचारलंही नाहीस. लिहिते.

सगळ्या घरची माणसं आली होती. मी उभी राहून सांगितलं. कागदावर लिहून नेलं होतं, पण वाचलं नाही. आधी कुणालाच समजलं नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे रोग पडलाय का झाडांवर?" मी परत सांगितलं.

मग शिंपिणबाई उठली. ओरडली नाही. "म्हणजे मी इतके दिवस कुणाला पाणी घालत होते?" म्हणाली.

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मागून घड्याळजींचा आवाज आला. त्यांचे दोन्ही मुलगे त्या ओळीत आहेत. "बाई, पोरगं गेलं तेव्हा लष्करवाले सांगायला आले होते की घरी. दोन्ही वेळा आले. झाड मेल्याचं सांगायला तुम्हाला काय जड झालं?"

मग भिंगरीची आई उठली. ती धुलाईच्या कारखान्यात आहे, तशीच कामावरून ओल्या हातांनी आली होती. "झाडाचं तुमचं तुम्ही बघा. माझ्या पोरीला उभं केलंत ना वर्गात, पोट दुखतंय म्हणाली तेव्हा?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती निघून गेली. तिच्यामागोमाग बाकीचे.

मी राजीनामा दिलाय. मुख्याध्यापकांनी वर बघितलं नाही. तुझं मार्चमधलं पत्र त्यांच्या टेबलावर होतं.

मैदानावर काय सापडलं ते मला सांग. गाळू नकोस.

मावशी


४ जुलै

मावशी,

गाळत नाही.

वरचा मुरूम वीतभर आहे. त्याखाली काळा थर आहे, त्यात बॅटऱ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे हातानं उचलता येतील इतके. वाफे खणताना मुरूम आणि तो थर एकमेकांत मिसळला. शिशाचं प्रमाण शाळेच्या आवारात चालेल त्याच्या चाळीसपट आहे. आम्ल खाली उतरत गेलंय, म्हणून रोपं पिशवीतल्या मातीत वर्षभर तग धरायची आणि मूळ खाली गेलं की मरायची. तू पाणी कमी घातलं नव्हतंस.

सगळी माती कमरेइतकी खणून काढावी लागली. झाडांसकट. ती जुन्या खाणीत अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरली आहे, वरून काँक्रीट. तिथं कुणाला जाता येत नाही, तुलाही नाही. दादाचा खड्डा मी यंत्राला लावू दिला नाही, फावड्यानं काढला. आत आधीच्या तीन रोपांची मुळं होती, एकाखाली एक. मी पथकाला सांगितलं की मला एकटीला थोडा वेळ लागेल. एवढंच.

सोळा मुलांच्या रक्तात शिसं मिळालं. पंधरा जणांचं औषधानं उतरतंय. भिंगरीचं सगळ्यात जास्त होतं. तेही उतरेल, पण तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. हात थरथरतात, शिकलेलं टिकत नाही. किती भरून येईल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. मला विचारशील तर सगळं भरून येणार नाही.

पहिलं पत्र आलं तेव्हाच खांद्याएवढ्या झाडाची मला शंका आली होती. त्याच दिवशी गाडी पकडून यायला हवं होतं. मी प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरांची वाट बघत बसले. हे खात्याच्या चौकशीत मी सांगितलंय.

डॉक्टरांना रोज हवं आहे की मुलीला आज काय येतं आणि काय येत नाही. तिची आई दोन पाळ्या करते. मी तुझं नाव सुचवलं. "त्याच बाई?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "येऊ देत. पण आकडा बदलायचा नाही, एवढं त्यांना सांगा."

तुला जमणार नसेल तर आत्ताच कळव.


३० ऑगस्ट

बाळ,

महिना झाला, रोज जाते आहे. त्यांची एकच खोली आहे, मधे दोरीवर कारखान्याचे कपडे. मी दारापाशी सतरंजीवर बसते. तिची आई कामाला जाताना माझ्या अंगावरून जाते आणि येताना अंगावरून येते. बोलत नाही. मीही बोलावं अशी माझी लायकी नाही.

मुलीला सगळी मुळाक्षरं येत होती, वर्गात पहिली तिलाच आली. आता मी पाटीवर अक्षर काढते, ती बघते, ओठ हलवते आणि मग माझ्याच तोंडाकडे बघते. परवा सात ओळखली. मला इतका आनंद झाला की तुला तेव्हाच लिहायला घेतलं होतं. बरं झालं टाकलं नाही.

काल तिची आई पाळी संपवून आली तेव्हा आम्ही पाटी पुसत होतो. पहिल्यांदाच थांबली. म्हणाली, "किती?"

मला सात म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. ती थोडंच सांगणार होती कुणाला?

मी म्हटलं, "चार."

"परवा तर सात होती."

"हो. आज चारच."

तिनं चपला काढल्या. दोरीवरचे कपडे बाजूला केले आणि आमच्यासमोर जमिनीवर बसली. मुलीच्या हातातली पाटी हळूच घेऊन माझ्यापुढे ठेवली.

"काढा," म्हणाली. "कुठली चार, मला बघू दे."

मावशी